मुका बार

ऐंशीच्या सुमारास संगमेश्वराकडच्या आमच्या गावात शेतीसंरक्षणाच्या दोनच बंदुका होत्या. रानडुक्कर मारलं की बार ऐकून जो येईल त्याला सागुतीचा वाटा मिळे, मग तो कुठल्याही वाडीतला असो. मुंबईच्या कारखान्यातून परतलेल्या माझ्या काकांनी आपल्या बंदुकीला आवाज दाबणारी नळी बसवली. म्हणे, बाराने म्हाताऱ्यांची छाती धडधडते! म्हाताऱ्यांचा एवढा पुळका त्यांना जन्मात आला नव्हता.

ग्रामसभेत सरपंच नळीवर बंदी घाला म्हणून तावातावाने बोलले. कायदा, परवाना, पोलीस, सगळं काढलं. बौद्धवाडीतली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "आवाज नाय आला तर आमाला कळायचं कसं?" मी गावचा मास्तर, मी चहा सांगायला उठलो. मग चहा झाला आणि ठरलं, की नळी राहू दे, पण दर डुकरामागे एक मांडी सरपंचांच्या घरी पोचती करायची.

मला त्या सगळ्यांची किळस आली. पुढच्याच आठवड्यात भरदुपारी आमच्या चुलीवर सागुती रटरटत होती. बार कुणीच ऐकला नव्हता. काकी म्हणाली, "वास जाईल बाहेर, दार लाव."

मी उठून दार लावलं.