अल्सीडची चुकवलेली उत्तरं

अल्सीड फॉन्टनो चौदा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, आणि एवढ्या वर्षांत चेंडू त्याच्या हातात आला तो एकदाच, तोही चुकून. त्याचं काम चेंडूशी नव्हतंच. चेंडू फेकणाऱ्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं आणि धावून येणारा सव्वाशे किलोचा गडी अंगावर घ्यायचा, सामन्यात साठ-सत्तर वेळा. मैदानात त्याचं नाव पुकारलं जायचं ते फक्त त्याची चूक झाली तर. लुइझियानातल्या त्याच्या गावाला मात्र ठाऊक होतं की त्याच्या बाजूने वाराही आत जात नाही. तशी भिंत पुन्हा झाली नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

डोकं गरगरलं तरी बाहेर बसायचं नाही, हा या लोकांचा धर्म. दोन सामने बाहेर बसलं की जागा दुसऱ्याची. दरवर्षी हंगामाआधी डॉक्टर स्मरणाची परीक्षा घेत. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण घसरले की खेळ बंद. म्हणून जुन्या गड्यांनी तोड काढली होती: पहिल्याच वेळी माती खायची, म्हणजे पुढे घसरायला जागाच उरत नाही. डावपेचांचं जाडजूड पुस्तक तोंडपाठ असलेला अल्सीड दरवर्षी हेच करी आणि घरी येऊन बायकोला, वर्नेलला, रंगवून सांगे.

"ऐकवलेले बारा शब्द परत सांग म्हणाला डॉक्टर. मी तीनच सांगितले!"

"बाराही येत होते ना?"

"उलटे म्हणून दाखवू?"

दोघं पोट धरून हसायची. त्या हसण्याबद्दल वर्नेल आज स्वतःला माफ करत नाही.

आता तो एक्कावन्न वर्षांचा आहे. न्हाणीघरात पडतो आणि उठायचं कसं तेच विसरतो. वर्नेल अंगाने त्याच्या निम्मीही नाही. आठवड्यातून दोनदा अग्निशमन दलाची माणसं येऊन त्याला उचलतात, आणि जाताना तिच्याकडे बघायचं टाळतात. खेळानेच स्मरण गेलं असं सिद्ध झालं, तर खेळाडूंच्या संघटनेकडून घरी कायमचा मदतनीस मिळतो. तेवढ्या एका आशेवर ती त्याला तपासणीला घेऊन गेली.

त्याने या वेळी जीव तोडून प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बारांपैकी तीन शब्द सांगितले.

डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल उघडली. "खेळत होते तेव्हाही तीनच, बाई. कागदांवरून तरी ते पहिल्यापासून असेच दिसतात."

"खोटे आहेत ते कागद! मुद्दाम चुकवायचा तो. सगळेच चुकवायचे."

"तुम्ही बायको आहात, तुमचा शब्द मला धरता येत नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तर लिहून घेते."

वर्नेलने त्याची वाकडी झालेली बोटं हातात घेतली. "अल्सी, सांग ना रे यांना. येत असून चुकवायचास ना? घरी येऊन किती हसायचास!"

त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"मी कशाला खोटं बोलेन गं? आलं असतं तर सांगितलंच असतं की."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.