सीलवरचा हात

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधला कुठलाही जुना फोटो काढून पाहा. कंटेनरचं दार, दाराला झेंडूचा हार, खाली फोडलेला नारळ आणि कडेला पांढऱ्या टोपीतले एक बुटके गृहस्थ, दाराच्या सीलवर तळहात दाबून उभे. "आजी, हे काका दार धरून का उभे आहेत?" असं तुम्ही दोघांनी मागे विचारलं होतं. तेव्हा मी विषय बदलला. आज नीट सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर इंग्रजी येतं म्हणून मी काही हंगाम तिथे निर्यातीची कागदपत्रं पाहत असे. फोटोतले ते गृहस्थ डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, सांभाळत. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. ते मला बाई म्हणत. द्राक्षाच्या पेट्या कंटेनरमध्ये चढल्या की कंटेनर बंदरात पोहोचेपर्यंत भाऊंचा जीव त्यात.

तरुणपणी त्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम केलं होतं. तिथे पलीकडच्या माणसाशी बोलल्याशिवाय खटका दाबत नसत. तीच सवय त्यांनी आमच्याकडे आणली. बंदराकडून किंवा तिथलं आमचं काम पाहणाऱ्या एजंटकडून काही बदल आला की भाऊ विचारणार, "माणसाशी बोललात?"

"भाऊ, मेल आलीय."

"मेल कुणीबी धाडतं. डायरीतल्या जुन्या नंबराला लावा."

बंदराच्या वेबसाइटचा पासवर्ड टाकताना ते आम्हा सगळ्यांना भिंतीवरच्या सप्तशृंगीच्या कॅलेंडरकडे वळवत. "देवीकडं तोंड करा." एकदा तपासणीला आलेले साहेब खिशातून पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावू लागले. भाऊंनी दाराबाहेरच्या चपलांकडे बोट दाखवलं. "साहेब, आपल्याकडं चप्पल बाहेर. हेबी बाहेरच." साहेब आधी चिडले, मग हसले.

आता तळहाताचं. हंगामाचा पहिला कंटेनर निघताना पूजा व्हायची, फोटो निघायचे आणि ते पॅकहाउसच्या फेसबुक पानावर टाकायचं काम माझं. कंटेनरचा नंबर हाराखाली आणि सीलचा नंबर भाऊंच्या हाताखाली झाकल्याशिवाय ते फोटो काढू देत नसत. मी चेष्टा करायचे, "भाऊ, कंटेनरला दृष्ट लागते का?"

"लागती ना बाई. मोबाईलमधून लागती."

एका वर्षी नेमके पहिल्या कंटेनरच्या दिवशी पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाऊ रजेवर होते. त्या दिवशीची द्राक्षं दिंडोरीकडच्या एका बाईंची होती. यजमान गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच एकटीनं बाग सांभाळली होती. नारळ त्यांनीच फोडला. मला वाटलं, आज दार स्वच्छ दिसू दे. हार जरा बाजूला सरकवला, फोटो काढला, पानावर टाकला. तुम्हालाही पाठवला.

गाडी निघाल्यावर तासाभरात एजंटच्या नावाने मेल आली. बंदराच्या गेटवर गर्दी आहे, कंटेनर पनवेलजवळच्या दुसऱ्या यार्डात उतरवा. कंटेनरचा नंबर बरोबर, सीलचा बरोबर. ड्रायव्हर डिझेलला थांबला तेव्हा मी त्याला तसं कळवून टाकलं.

दुपारी दवाखान्यातून भाऊंचा फोन. "गाडी कुठवर?" मी नवं यार्ड सांगितलं.

"माणसाशी बोललात?"

मी नंबरांची डायरी पुढे ओढली.

"एजंटला लावा बाई. मी ड्रायव्हरला बघतो."

एजंट म्हणाला, अशी मेल त्याने पाठवलीच नव्हती. त्या यार्डातून कंटेनर कुठे गेला असता, कोण जाणे. आणि ड्रायव्हर फोन उचलेना, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा भाऊंचाच नियम. पण कुठला ड्रायव्हर कुठे चहाला थांबतो, हे भाऊंना पाठ. शहापूरच्या धाबेवाल्याला त्यांनी फोन करून रस्त्यावर उभं केलं. गाडी दिसताच त्याने हातातला टॉवेल हलवून ती थांबवली. थंडाव्याचं मशीन चालू ठेवून कंटेनर सरळ बंदराकडे गेला. गेट बंद व्हायच्या आधी आत गेला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावलं, रजेवरच्या भाऊंनाही. "नंबर दिसेल असा फोटो कुणी टाकला?"

माझ्या आधी भाऊ बोलले. "मी फोनवर हो म्हटलो होतो. माझं चुकलं."

त्या दिवशी फोटोबद्दल आमचं बोलणंच झालं नव्हतं. मालक त्यांना सगळ्यांसमोर खूप बोलले. मी, आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई, मान खाली घालून उभी राहिले.

बाहेर आल्यावर विचारलं, "असं का केलंत?"

"मालक ओरडतील नि विसरतील. तुम्ही विसरायच्या नाय. मला तेवढं पुरे."

मी पुढे तीन हंगाम तिथे होते. मालकांना सांगेन, सांगेन म्हणत राहिले, सांगितलं नाही.

या हिवाळ्यात भाऊ गेले. महिन्याभराने मी एकलहऱ्याला त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय बाई," त्या म्हणाल्या. "त्याच सांजंला सांगितलं त्यांनी. माझ्या डोळ्याला पट्टी, नि हे आपलं तुमचंच. म्हणले, बाई लय घाबरल्यात गं, दुपारचं जेवल्या बी नसतील."

मग त्यांनी दोन ताटं वाढायला घेतली.