दाजींचं गाऱ्हाणं

लग्नाची सीडी एकदा घरी गेली की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, हे विनीतला अकरा वर्षांच्या धंद्यात पक्कं कळून चुकलं होतं. कसालला हायवेवर त्याचं व्हिडिओचं दुकान. कॅमेरा वागवून खांदा गेला, लोकांच्या लग्नांच्या टेपा जोडून जोडून डोळे गेले, आणि २००९ साली दुकानात इंटरनेट आल्यापासून राहिलेला जीवही जाणार, असं तो म्हणायचा. कारण आता गिऱ्हाईक मुंबईत बसून त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावायला लागलं होतं.

त्या दुपारी डोकावत होती मालवणच्या दाजी तांडेलांची मुलगी वर्षाली आणि तिचा नवरा निकेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाचं शूटिंग विनीतनंच केलं होतं. दाजी यंदा मे महिन्यात गेले. होडीवरचा माणूस, त्याचा आवाज कोण कशाला धरून ठेवतो! वर्षालीला एवढंच आठवलं, की लग्नाआधी त्यांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. सीडीत त्या जागी विनीतनं सनई लावली होती. मूळ टेप मात्र त्याच्याकडे सापडली.

सनई लावण्याचं कारण तो कोणाला सांगत नसे. गाऱ्हाण्यात घरच्या मोठ्यानं एकेक मागणं देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ अशी जाप द्यायची. कॅमेरावाल्यानं तोंड मिटून राहावं, एवढी अक्कल विनीतलाही होती. पण समोर गाऱ्हाणं चाललंय आणि आपण मुक्यासारखं उभं राहायचं, हे मालवणी माणसाच्या हातून होत नाही. त्यात माईक त्याच्या तोंडाशी. दाजींचा घोगरा, हळू आवाज, आणि लगेच विनीतचा ‘व्हय म्हाराजा!’, रेडा रेकल्यासारखा.

“काका, तुमचो आवाज काढा,” टेप ऐकून वर्षाली फोनवर म्हणाली. “माका फक्त बाबांचो होयो.”

नेटवरून पडदा दिसत होता, आवाज जात नव्हता. म्हणून विनीतनं मोबाइल स्पीकरला टेकवून धरला होता. निकेत पुण्याचा. “मी इथून माउस घेतो हं,” तो म्हणाला, आणि विनीतच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. आपल्याच दुकानात आपण हाताची घडी घालून बसायचं! विनीतला आताशा रागावण्याचाही कंटाळा येई. नेट दोनदा तुटलं, दोनदा जोडलं. एकेक ‘व्हय म्हाराजा’ शोधायचा आणि तेवढ्या तुकड्याचा आवाज बंद करायचा. त्यात बाकीच्यांचेही आवाज गेले, त्याला इलाज नव्हता. असे बावीस. तीन तास गेले.

“आता सुरुवातीपासून लावा,” निकेत म्हणाला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या आमचा चेडू परक्या घराक जाता...” दाजी बोलले आणि थांबले. कोणी काही बोललं नाही. “थंय तेका सांभाळून घे...” पुन्हा तेच. दाजी हात जोडून मागत होते, थांबत होते, आणि भरल्या घरातलं एकही माणूस त्यांना साथ देत नव्हतं. विनीतच्या मनात आलं, आपण हे काय करून बसलो!

“काका,” वर्षालीला रडू फुटलं, “बाबांका कोणच जाप देणा नाय ओ!”

“घालतंय गो परत. सगळे घालतंय.” विनीतनं माउस ओढून घेतला. बावीस वेळा मागे जायचं, दुसरं काय.



“नको,” ती म्हणाली. “तसाच रवांदेत. परत लावा.”

त्यानं लावलं. आमचा चेडू परक्या घराक जाता, दाजी म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” मुंबईहून वर्षाली म्हणाली.

बावीसही मागण्यांना तिनं एकटीनं जाप दिली.