आंटींचे उलटे झबले

मोहिनी आंटी गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला तेव्हा मी बेलवलीच्या घरी ओवीच्या वेण्या घालत होते. हातातली रिबन तशीच राहिली... आणि मला रडू यायच्या आधी हसू आलं, कारण डोळ्यांपुढे आले ते आंटींनी शिवलेले उलटे झबले.

ओवी दीड वर्षाची असताना तिची मूत्रपिंडं थकली. डायलिसिससाठी डॉक्टरांनी मानेच्या शिरेत नळी घातली, तिची टोकं उजव्या छातीवर बाहेर आली. "मुलांच्या शिरा बारीक. नळीला जागा मोजक्याच असतात, ही जपा," डॉक्टर म्हणाले. डोक्यावरून कपडा घालायची चोरी झाली! कुठे अडकून नळी ओढली गेली तर? कोणीतरी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आंटींचं नाव सुचवलं. लहान मुलांचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी ओवीला समोर बसवून मापं घेतली आणि मऊ मलमलीचे झबले शिवले, खांद्यापासून खाली नाड्यांनी उघडणारे. फक्त उघडत होते डावीकडे!

"आंटी, नळी उजवीकडे आहे!" मी जवळजवळ किंचाळलेच.

"अरे बेटा, वो मेरे सामने बैठी थी ना, मैंने मेरा राइट पकडा!" आंटी चष्मा घसरेपर्यंत हसल्या. दुसरे झबले त्यांनी तिथेच बसून शिवून दिले. उलटे मात्र परत घेईनात. "राहू दे, कपडा कधी वाया जात नाही."

काही महिन्यांनी ती नळी बंद पडली. नवी डावीकडे घालावी लागली. एक जागा गेली, आता किती उरल्या, या विचाराने मी खचून गेले होते. आंटी डबा घेऊन हॉस्पिटलात आल्या, ओवीकडे बघून म्हणाल्या, "चल, वो उलटे वाले निकाल!" कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले.

पुढे ओवीला तिच्या बाबांचं मूत्रपिंड बसवलं, नळी निघाली. आंटींनी तिच्यासाठी मोठ्या घेराचा फ्रॉक आणला... ना नाडी, ना बटण, थेट डोक्यावरून घालायचा. मी सवयीने नाडीच चाचपत राहिले. "डाल, अब कुछ नहीं अटकेगा," आंटी म्हणाल्या.

तो फ्रॉक ओवीला केव्हाच लहान झाला आहे. परवा आंटींची आठवण काढत तिने तो हट्टाने चढवला आणि डोकं आत, हात वर, अशी मधेच अडकली. "आई, अडकलं!" आतून हसण्याचा आवाज येत होता. पूर्वी या शब्दाने माझ्या काळजाचं पाणी झालं असतं. परवा मी हसत बसले, आणि तिला जरा वेळ तसंच अडकून राहू दिलं.