बाईंची शेवटची चार पानं

ही गोष्ट सांगायचं मी वीस-पंचवीस वर्षं टाळलं. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्तीची धावपळ, मग बायकोचं आजारपण, आणि त्यानंतर 'आता कशाला जुनं उकरायचं' हे सगळ्यात सोयीचं कारण. गेल्या महिन्यात मंगलचा फोन आला. मंगल आमच्या हट्ट्याच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी, आता वसमतला नर्स आहे. "सर, खिल्लारेबाई गेल्या," एवढंच म्हणाली. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग तिनेच विचारलं, "सर, ऐकून राहिले ना?" मी म्हटलं, "हो."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बाईंना श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमाला मी गेलो. तिथे एक जण बाईंच्या लेखनाबद्दल बोलला. म्हणाला, कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिणारी एवढी जाणती बाई आपल्या भागात दुसरी झाली नाही. पण एका प्रकाशकाने त्यांच्या कादंबरीचा शेवट परस्पर बदलला आणि तेव्हापासून त्यांनी छापायला काही दिलं नाही. लोक हळहळले. मग मला बोलायला उठवलं. मी बाईंचा वक्तशीरपणा, बाईंचं गणित, बाईंचा साधेपणा असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. घरी आलो तेव्हा स्वतःचा एवढा कंटाळा आला होता की चप्पल काढून तिथेच ओट्यावर बसून राहिलो... शेवट प्रकाशकाने बदलला नव्हता. मी बदलला होता.

शशिकला खिल्लारे आमच्या शाळेत आल्या त्या चौऱ्याण्णवच्या सुमारास. शिकवायच्या गणित. मी मराठीचा, त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. माझ्या लाल पेनाचा पंचक्रोशीत दरारा होता. लग्नपत्रिकासुद्धा छापायच्या आधी माझ्याकडे यायच्या. शाळेच्या वाचनालयाचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे. खालच्या फळीवर कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी, वरच्या फळीवर मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या फळीवर पृथ्वीचा गोल आणि खडूची खोकी. नववीतल्या एका मुलीने बाईंना त्या कपाटासमोर उभं राहून विचारलं होतं, "बाई, आमच्यासाठी काहूनच काही न्हाई?" बाई ते विसरल्या नाहीत. काही महिन्यांनी भूमितीच्या तीन जुन्या वह्या माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, "सर, तुमी भाषेवाले माणूस. जरा बघून द्या. मधल्या फळीसाठी लिहून राहिले."

ते पहिलं लिखाण सपक होतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी मोठं माणूस कोणाला तरी शहाणपण शिकवत होतं. मला ते आवडलं होतं, हेही सांगून टाकतो. पण बाईंचा माझ्या मतावर फारसा भरवसा नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या आठवी-नववीतल्या पोरापोरींना व्हरांड्यात शहाबादी फरशीवर बसवायच्या आणि लिहिलेलं वाचून दाखवायच्या. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. जिथे कंटाळा आला, किंवा हे खोटं आहे असं वाटलं, तिथे चिंचोका फरशीवर ठेवायचा. कारण सांगायचं नाही, आणि बाईंनी विचारायचं नाही. पहिल्या शनिवारी तिसऱ्या पानावरच 'टक टक' सुरू झालं आणि पाचव्या पानाला कोणाच्याच हातात काही उरलं नाही. मला वाटलं, बाई रडतील. त्या हसत सुटल्या. "आज तर गारपीटच झाली सर," म्हणाल्या आणि त्या पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. ते सगळे चिंचोके त्यांनी पावडरच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. पुढे तोच डबा दर शनिवारी व्हरांड्यात यायचा.

अशी तीन वर्षं गेली. लिहायचं, वाचायचं, फाडायचं. मोठ्या माणसाने या वयासाठी लिहिणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलं. मुलांसारखं बोलायला जावं तर मुलांना ते लाडात आल्यासारखं वाटतं, आणि मोठ्यासारखं बोलावं तर तास सुरू झाल्यासारखं. त्यात मुलांचे शब्द दर दोन वर्षांनी बदलायचे. बाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "पोरं दर साली चौदाचीच राहतात सर. मी एकटीच म्हातारी होऊन राहिले." एका साहित्य मेळाव्यात त्यांनी एक प्रकरण वाचलं, तर अध्यक्ष म्हणाले, "छान, छान. आता मोठ्यांसाठीही लिहा." परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत बसल्या आणि शाळेचा थांबा आल्यावर एवढंच बोलल्या, "सर, चौदा वर्षांचं दुखणं लहान असतंय का हो?" मी म्हटलं, "मनावर घेऊ नका." मी नेहमी असंच काहीतरी म्हणायचो. आनंदाचे दिवसही होते. एक कथा मासिकात आली, आणि कनेरगाव नाक्याच्या कुठल्याशा मुलीचं पोस्टकार्ड आलं, 'बाई, माझी गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?' ते कार्ड बाईंनी हजेरीपटात घालून वर्षभर जवळ बाळगलं.

मग सुनीताचं झालं. सुनीता नववीत होती, मंगलची बाकावरची जोडीदार. अभ्यासात बरी, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या आठवडाभर आधी ती माझ्या घरी आली. तिचे वडील मला मानायचे, शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. दारातच उभी राहून म्हणाली, "सर, माझ्या बाबाला तुमी सांगा ना. तुमचं ऐकतेत ते." मी म्हटलं, "बघू." ... मी बघितलं नाही. लग्नाला गेलो, भिंतीवरचं घड्याळ आहेर केलं, पंगतीत बसून जेवलो. बुंदी वाढणाऱ्याला थांबवलंसुद्धा नाही. बाई त्या लग्नाला आल्या नव्हत्या. सुनीताच्या घरी आदल्या दिवशी जाऊन त्या भांडून आल्या होत्या आणि त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

बाईंची कादंबरी त्यातूनच आली. तिच्यात रेखा आणि जना अशा दोन मैत्रिणी आहेत. जनाचं लग्न ठरतं, रेखा ते थांबवायला जमेल ते सगळं करते आणि तिला जमत नाही. शेवटची चार पानं अशी होती. लग्नानंतरच्या सोमवारी रेखा वर्गात येते. बाकावर शेजारची जागा रिकामी आहे. वर्गावर एक सर येतात. त्यांना जनाने शब्द टाकायला सांगितलेलं असतं आणि ते लग्नात घड्याळ देऊन जेवून आलेले असतात. रेखा उभी राहते आणि सगळ्यांसमोर विचारते, "सर, तुमी काहून गप बसलात?" आणि शेवटचं वाक्य, 'सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी तारीख लिहायला घेतली.' बस. एवढंच. व्हरांड्यात बाईंनी हे वाचलं त्या शनिवारी एकही चिंचोका फरशीवर पडला नाही. मी दारात उभा होतो. पोरं उठून गेली तरी मी तिथेच होतो. बाईंनी चिंचोक्यांचा डबा बंद केला. वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शुद्धलेखन तेवढं बघा सर."

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या वर्षी, नव्याण्णव साली, ही कादंबरी छापायला गेली. प्रकाशक छोटा होता, सज्जन होता. प्रुफं तपासायची ती माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. ती आली तेव्हा बाई आईच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होत्या. सोबत प्रकाशकाची चिठ्ठी होती, 'शेवट जरा उदास वाटतो. पण लेखिकेची इच्छा असेल तर तसाच ठेवू.' मी चार दिवस ती प्रुफं उघडीच ठेवली होती. मग बसलो आणि शेवटची चार पानं नवीन लिहिली. माझ्या शेवटात सर जनाच्या वडिलांकडे जातात, दोन शब्द सांगतात, वडिलांचे डोळे भरून येतात, लग्न मोडतं, आणि सोमवारी जना बाकावर परत बसलेली असते. जाता जाता मी सगळीकडचं 'काहून' काढून 'का' केलं. प्रकाशकाला लिहिलं, 'लेखिकेशी बोलणे झाले आहे.' शाळांच्या वाचनालयांत आनंदी शेवटाचं पुस्तक सहज घेतलं जातं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. पुस्तकात कायमचा तसा उभा राहायला मी तयार नव्हतो. बाईंची हस्तलिखित चार पानं मी फाडली मात्र नाहीत. घरच्या कपाटात ठेवून दिली.

पुस्तकं शनिवारीच शाळेत आली. बाईंना एवढा आनंद झाला होता की त्यांनी ते चाळूनही पाहिलं नाही. पोरांना फरशीवर बसवलं, डबा फिरवला आणि म्हणाल्या, "आज छापलेलं वाचते. सुरुवात माहितीच हाये तुमाला, शेवटचं प्रकरण घेऊ." मला थांबवता आलं असतं. मी दारात उभा राहिलो. सर जनाच्या वडिलांकडे निघाले तिथे पहिला चिंचोका पडला, टक. बाई अडखळल्या, पुढे वाचत राहिल्या. आपलंच पुस्तक त्या पोरांबरोबर पहिल्यांदा ऐकत होत्या. मग एकामागून एक चिंचोके खाली आले. शेवटचा मंगलचा होता. तिने तो ठेवला नाही, टाकला. नियम मोडून बोललीसुद्धा, "बाई, हे तुमी न्हाई लिहिलं. सुनीता कुठं परत आली?" बाईंनी पुस्तक मिटलं, पोरांना घरी पाठवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, प्रुफं तुमी पाहिली होती ना?"

मी म्हणालो, "मी पाहिलं तेव्हा तर बरोबर होतं."

बाईंनी विश्वास ठेवला. प्रकाशकाला त्यांनी इतकं तिखट पत्र लिहिलं की तो दुखावला आणि त्याने उत्तरच दिलं नाही. त्याचं उत्तर येईल या धास्तीने मी तो उन्हाळा काढला आणि ते आलं नाही याचा मला आनंद झाला, हेही इथे लिहून ठेवतो. पुस्तकाला बक्षीस मिळालं. मानपत्रात 'शिक्षकाचे आदर्श चित्रण' असे शब्द होते. बाई म्हणाल्या, "माझ्या पाठीची तकलीफ वाढून राहिली, तुमीच घेऊन या." मी जाऊन शाल आणि नारळ घेऊन आलो. बाईंनी ती शाल शाळेच्या हार्मोनियमवर टाकली, धूळ बसू नये म्हणून. नंतर त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या, वह्यांत. शनिवारी वाचायच्या आणि वह्या घरी न्यायच्या. कोणी छापण्याचं विचारलं तर म्हणायच्या, "ऐकणाऱ्यांनी ऐकलं की, बास झालं." त्या वह्या मला त्यांनी कधी तपासायला दिल्या नाहीत. त्यांना कळलं होतं का? मला अजून सांगता येत नाही. ज्या मुलांनी ते ऐकलं ती आता चाळीसगाव, पुणे, कुठे कुठे गेली. मधल्या फळीवर बाईंचं एकच पुस्तक आहे, आणि त्याचा शेवट माझा आहे.

गेल्या हिवाळ्यात बाईंना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. मी ती चार पानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घातली आणि निवृत्तीनंतर सोडलेल्या हट्ट्याची बस धरली. वाटेत एक वाक्य घोकत गेलो. बाई खाटेला टेकून बसल्या होत्या. उजव्या हाताला व्यायाम म्हणून त्यांच्या लेकीने तोच पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला होता; एकेक चिंचोका उचलायचा, मुठीत धरायचा. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. "या सर. लय दिसांनी," म्हणाल्या. लेकीने चहा आणला. मी पेन्शनबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. मग धीर करून सुरुवात केली, "बाई, तुमचं ते पुस्तक... अजून शाळेत पोरं आवडीने वाचतात."

टक.

आमच्या मधल्या स्टुलावर चिंचोका होता. बोटांतून सुटला असेल, असं मी मनाला सांगितलं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, शनिवारी पोरांकडे बघायच्या तशा, काही न विचारता. मी कप उचलला. चहा संपवला. उठताना तो चिंचोका मी उचलला, डब्यात टाकतोय असं दाखवलं आणि खिशात घातला. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "सर, पिशवी छातीशी काहून धरलीय? काय हाये तिच्यात?"

"औषधं," मी म्हणालो.

"बराबर घेत जा," बाई म्हणाल्या.

चार पानं मी परवा बाईंच्या लेकीच्या हातात दिली आणि कशी माझ्याकडे आली तेही सांगितलं. तिने ती वाचली, घडी घातली, आणि मला पाणी विचारलं. चिंचोका मी दिला नाही. तो आता माझ्या टेबलावर असतो, लाल पेनाशेजारी. हा लेख लिहिताना तीनदा त्याच्याकडे बघून वाक्यं खोडली. बसमध्ये घोकलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं पाठ आहे. ते ज्यांना ऐकवायचं होतं त्यांना त्या दिवशी, त्या खाटेपाशी, एवढंच म्हणायचं होतं... बाई, शेवट मी बदलला. तो गप बसलेला सर मीच होतो. आणि हे नंतरचं... पिशवीत औषधं नव्हती.