कोरडा बाण

गावाच्या विहिरीत मेलेल्या त्या हरणीच्या पोटातून निघालेला बाण माझा होता. गावाला वाटतं, तो आमच्या सालदाराचा, म्हणजे सालगड्याचा. खुद्द सालदारालाही सोळा-सतरा वर्षं तसंच वाटत होतं, आणि मला जास्त तेच टोचतं. मार तर त्याने खाल्लाच. पण त्या दिवसापासून त्याचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसाही गेला आणि तो मी घालवला. हे कुठेतरी सरळ लिहून ठेवायला हवं.

आमचं शेत तळेगावच्या पलीकडे, जंगलाला लागून. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेने तूर. सालदार गोंड, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. तरी मी त्याला नावाने हाक मारायचो आणि तो मला ‘भाऊ’ आणि ‘तुमी’ म्हणायचा. शिकारीला बंदी तेव्हाही होतीच. चितळांचा कळप पहाटे उतरायचा आणि वांग्यांचे शेंडे कातरल्यासारखे नेऊन जायचा, हे आमचं निमित्त. खरं सांगायचं तर पन्नाशी उलटल्यावर मला बाणाचं वेड लागलं होतं. त्याने मला बांबूचा कमठा करून दिला, सोबत तीन बाण. बाणाचं पातं वखराच्या जुन्या पासेच्या लोखंडाचं, वर दोऱ्याचे घट्ट वेढे आणि धावड्याचा डिंक. असा बाण पंचक्रोशीत दुसरं कोणी करत नव्हतं. लांबून पाहूनही माणूस सांगायचा, हा कोणाच्या हातचा.

मारायला त्याने मला महिनाभरात शिकवलं. शोधायला शिकवणं मात्र संपतच नसे. तांबडं, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर जवळच पडलेलं असणार. काळपट म्हणजे काळीज, थोडं थांबायचं. रक्तात हिरवा चोथा आणि घाण वास असला, तर पोट. मग जागेवर बसून राहायचं. ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत उठायचं नाही. मागे लागलं नाही, तर जनावर जवळच बसतं आणि बसल्या जागी मरतं. मागे लागलं, तर ते पळतं, आणि पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे पळतं.

“अन् एक ध्यानात ठेवजा, भाऊ,” तो म्हणायचा, “ज्याच्या बाणानं रगत काढलं, त्यानं ते जनावर भेटेलोक जेवाचं नाई. मंग दोन रोज लागो का चार.”

“अन् नाईच भेटलं तं?”

“मंग बाण काऊन मारला?”

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याने स्वतः तुरीत कळपातल्या एका नराला बाण मारला. नर उधळला. बाण सापडला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस तो गुडघ्यांवर रांगत होता. एकेक पान उलटून पाहत होता. रक्त नाही, केस नाही, खुरांची घसरण नाही. शेवटी उठला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, “कोरडा गेला.” आणि मग घरी जाऊन जेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, मी धुऱ्याआड, शेताच्या बांधामागे, बसलो होतो. तळेगावच्या बाजाराचा दिवस. वांगी पोत्यांत भरून तयार होती. सहा-सात चितळं आली. पुढे एक भरलेली मादी. मी कमठा ओढला आणि सोडणार तोच ती वळली. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. बाण बरगड्यांच्या मागे, अर्धा आत. ती उडाली नाही. पाठ वाकवली, मागचे पाय गोळा केले आणि म्हातारीसारखी चालत निघाली. बाकीची उधळली, ही चालतच राहिली.

मी जाऊन पाहिलं. रक्त थोडं, त्यात हिरवं, आणि वास.

मला सगळं माहीत होतं. बसायचं होतं. पण बाजार होता, आणि तिला आत्ताच गाठून गळ्यावर कोयता फिरवला की काम संपेल असं वाटलं. मी मागे लागलो.

पहिल्या शंभर पावलांतच ती पळसाखाली बसलेली दिसली. तोंड उघडं, जीभ बाहेर. मी दुसरा बाण लावेपर्यंत उठली. उठताना बाणाचं मागचं टोक बुंध्यात अडकून कट्कन मोडलं आणि ती ओरडली. चितळ असं ओरडतं हे मी तोवर ऐकलं नव्हतं. पुढे बोरीची जाळी होती. तिच्यातून ती घुसली. पलीकडे गेलो, तेव्हा काट्यांवर तिचं आतडं वीतभर लोंबत होतं, गरम, वाफाळणारं. ती तशीच ओढत गेली होती.

नाल्याच्या रेतीत पुन्हा दिसली. तीस पावलांवर. उभी. मागच्या पायांमध्ये काहीतरी हलत होतं. आधी वाटलं आतडंच, मग लक्षात आलं, पोटातलं पिल्लू बाहेर येत होतं. माझ्या हातात बाण होता. मारला असता तर संपलं असतं. पलीकडून शेळ्या राखणाऱ्या बायांचे आवाज आले. मला कोणी पाहील या भीतीने मी मागे फिरलो. खरं कारण एवढंच. बाकी सगळं मी नंतर स्वतःला समजावलं.

परत येताना तुरीच्या पाटातून आलो आणि धुऱ्याच्या मातीत रुतलेला एक बाण दिसला. सालदाराचा, तीन दिवसांपूर्वी हरवलेला. स्वच्छ. ना रक्त, ना केस.

तो गोठ्याशी उभा होता. “भाऊ, काय झालं?”

“चुकला,” मी म्हणालो आणि तोच बाण माझा म्हणून त्याच्या हातात दिला; त्याचे आणि माझे बाण एकसारखेच होते.

त्याने पातं नाकाशी नेलं, अंगठ्याने दोरा दाबून पाहिला, जिभेच्या टोकावर लावला. “कोरडा हाये. चांगलं झालं. पोटात लागण्यापक्षा चुकला बरा.” आणि बाण मला परत दिला. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याने स्वतः चाटून पाहिला आणि माझ्या हवाली केला. मी वांगी घेऊन बाजाराला गेलो. दुपारी तिथे भजी खाल्ली.

चौथ्या दिवशी गावात नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. दोन गल्ल्यांत पोरंसोरं ओकत होती. नळाची विहीर नाल्याकाठी, तिचा एक काठ पुरात ढासळलेला. दोर टाकून वर काढलं, तेव्हा मादी फुगून दुप्पट झाली होती. कोणीतरी पोट फाडलं. मोडक्या काडीसकट पातं निघालं. कोणाला विचारायची गरजच पडली नाही.

सालदाराला गावच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलं. हरण ओढलं त्याच ओल्या दोराने. आधी हात, मग चपला, मग इंधनाची लाकडं. त्याच्या कानातून रक्त आलं. एकाने त्याचा उजवा हात खांबाच्या ओट्यावर धरला आणि दुसऱ्याने त्यावर दगड घातला. एकदा, दोनदा. बोटं ऊस मोडावा तशी मोडली.

“बोल बे! कोनाचा बाण हाये?”

“माह्याच हाये,” तो म्हणाला. “मले दिसलं नाई. पायलं, पण दिसलं नाई.”

लोकांना वाटलं, कबूल करून राह्यला. तो कशाबद्दल बोलत होता हे त्या गर्दीत फक्त मला कळत होतं. त्याला वाटत होतं, त्या संध्याकाळी त्याचा बाण नराला चुकून कळपातल्या या मादीला लागला आणि रांगून शोधूनही रक्त त्याला दिसलं नाही.

मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, “भाऊ, तुमचा मानूस हाये. तुमी काऊन उभे?” आणि मी पुढे होऊन त्याच्या तोंडावर काठी मारली. ओठ फाटला, दात दिसला. त्याने माझ्याकडे पाहिलं ते चूक कबूल करणाऱ्यासारखं.

हात बरा झाला नाही. त्याने स्वतःचा कमठा चुलीत घातला. पूर्वी कोणाची गाय हरवली की लोक माग काढायला त्याच्याकडे यायचे; आता आले, की तो म्हणायचा, “माह्या डोयाचा भरोसा नाई, बाप्पा. दुसऱ्याले पाहा.” मी शेत बटईने, निम्म्या वाट्यावर, दिलं आणि नालवाडीला मुलाकडे राहायला आलो.

या वर्षी पोळा झाल्यावर मी एसटीने त्याच्याकडे गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. सुनेने चहा दिला. मी चहा न पिता सांगितलं. सगळं, पिल्लापर्यंत.

तो म्हणाला, “मी वास घेतलता. कोरडा होता थो.”

“हो. तो तुझाच होता.”

“मंग मले बरोबरच दिसलं होतं?”

“बरोबर दिसलं होतं.”

त्याने चहाचा कप उचलून अंगणात भिरकावला. सून धावत आली. “आबा, काय झालं?”

“काई नाई. जाय तू.” मग माझ्याकडे न पाहता, “रगत कसं होतं?”

“हिरवं.”

“अन् तू मांगं लागला?”

पन्नास वर्षांच्या ओळखीत तो मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला. मी मान हलवली.

“उठ. दाखव.”

दोघांनाही काठी लागते. धुऱ्यापासून पळसापर्यंत जायला अर्धा तास लागला. पळस आता नाही, खुंट आहे. तिथे तो वाकला, जणू अजून काही सापडेल. “अठी बसली?” “हो.” “तोंड कोन्तीकडं?” मी सांगितलं. बोरीपाशी थांबला, विचारलं, ऐकलं. नाल्याच्या रेतीत मी म्हणालो, “इथून मी फिरलो.”

तो पुढे गेला. विहिरीच्या ढासळलेल्या काठापर्यंत पावलं मोजत गेला, मोजत परत आला. “साठ,” म्हणाला. “साठ पावलं, लेका. पिल्लू टाकून थे साठ पावलं गेली.” आणि मग तो रडला, आवाज न करता, मोडक्या बोटांची मूठ तोंडावर धरून. मी जवळ गेलो, तर त्याने काठी आडवी केली.

“मले नको सांगू आता. मले समजलं. टाकीपाशी चाल.”

टाकीच्या ओट्यावर चार-पाच जण मोबाइल घेऊन बसले होते. त्या दिवशी मारणाऱ्यांपैकी एक त्यांत होता, आता पोट सुटलेला. मी उभा राहून सांगितलं. घाईघाईत सांगितलं.

“जाऊ द्या ना, आबाजी,” तो पोट सुटलेला हसत म्हणाला. “किती साल झाले. आता कोन धरून बसलं?”

“मी बसलो,” सालदार म्हणाला आणि ओट्यावर टेकला. “अन् तू असं गडबडीनं नको सांगू. धुऱ्यापासून सांग. बाजारात भजे खाल्ले तेबी सांग. अन् काठी मारली, थे.”

एकाने मोबाइल खिशात ठेवला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.