टाकी किती माणसांची

हिल्डा चार्लटनचं सगळं आयुष्य फेनविकांच्या दगडी घराला ऊब पुरवण्यात गेलं. सोळाव्या वर्षी ती तिथे आली ती तळघरातल्या भट्टीत कोळसा टाकायला. पुढे तेलावरचा बॉयलर आला, हातांची काजळी गेली. पण काम तेच. मिस फेनविकना पहाटे वरच्या न्हाणीघरात कढत पाण्याचा टब भरून द्यायचा. बाईंना सदा थंडी. टाकीतलं गरम पाणी त्या एकट्याच संपवत आणि हिल्डाच्या वाट्याला कोमट येई. लग्न राहून गेलं त्याचं हिल्डाला फारसं वाटलं नाही, कोमट पाण्याबद्दल मात्र ती तोंडावर कुरकुरायची. मरताना बाईंनी घर तिच्याच नावे केलं.

त्यालाही तीन हिवाळे झाले होते. पहाटे टाकी अजून रिकामीच होत होती. हिल्डाने हे कुणालाच सांगितलं नाही. नॉर्थम्बरलंडच्या त्या खेड्यात एकटी म्हातारी असलं काही बोलली, की शेजारीपाजारी वृद्धाश्रमांची नावं सुचवू लागतात.

मग ऑक्टोबरात बॉयलरने मान टाकली, आणि खालच्या खोलीतल्या हिल्डाच्या पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन बसू लागलं. गादी दबायची. पांघरुणात असा गारठा शिरायचा की घोटे बधिर व्हायचे. वर ऊब उरली नव्हती म्हणून बाई खाली आल्या होत्या, इतकं साधं होतं. पण त्या रोज थोड्या उशीकडे सरकत होत्या. आज पहाटे गारठा गुडघ्यांपर्यंत आला होता.

नवं यंत्र ठरवायला गावातलाच डॅरन रॉबसन आला. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारे हीट पंप तो बसवायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. वरचा मजला बंद करा, स्वयंपाकघर आणि शेजारची ही झोपायची खोली तेवढी गरम ठेवा, छोट्या टाकीत भागेल.

"एवढं मोठं घर तापवून कुणाची सोय करताय, हिल्डा आंटी? कोळ्यांची?"

"कोळ्यांचं काही नाही रे. ते मागत नाहीत."

गारठा कुठून शिरतो ते पाहायला त्याने उष्णता टिपणारा कॅमेरा काढला. ऊबदार ते पिवळं दिसे, गार ते निळं. हिल्डाच्या खोलीत सगळं हिरवट दिसत होतं. पलंगाच्या पायथ्याशी मात्र काळानिळा डाग होता, बसलेल्या माणसाएवढा. ओल असेल म्हणून डॅरनने गादी चाचपली. गादी कोरडी होती. त्याने हात झटकन मागे घेऊन काखेत दाबला, दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. डाग उशीकडे सरकला होता.

 कॅमेरा बंद करून त्याने वही काढली.

"टाकी माणसांवर ठरते, आंटी. घरात किती जणं?"

एक म्हणावं, तर वरचा मजला बंद आणि उद्या गारठा कमरेपर्यंत. दोन म्हणावं, तर हे पोर गावभर करणार.

"दोघी," हिल्डा म्हणाली. "दुसरीला पाणी फार लागतं."

दुसरी कोण, हे डॅरनने विचारलं नाही. सर्वांत मोठी टाकी आणि वरच्या न्हाणीघरात खोली तापवणारा नवा रेडिएटर, एवढं ठरवून तो चहा न घेताच निघाला. त्या गावात घरी आलेल्या माणसाने चहा नाकारल्याचं हिल्डाने तोवर पाहिलं नव्हतं.

यंत्र बसलं, त्याच्या दुसऱ्या पहाटे पायथा मोकळा होता. वर टबात पाणी पडत होतं. हिल्डाने कितीतरी दिवसांनी पाय सरळ ताणून दिले. पाण्याचा आवाज थांबल्यावर उठून तिने नळाखाली हात धरला.

कोमट.

"एवढ्या मोठ्या टाकीतही भागलं नाही ना, मिस?" ती छताकडे बघून म्हणाली, आणि तोंड धुवायला वाकली.